दुसरा आधार

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "तपासनीस, 'परतलेले' राहिलंय."

दुपारचे तीन वाजले होते. बाहेर आभाळ राखेच्या रंगाचे होते आणि खोलीत दिवा लावावा की नाही, असा तो उजेड होता. संपादकबाई सत्तरीच्या. त्यांच्या टेबलावर कोशाची शेवटची मुद्रिते पसरली होती. ग्रीक आणि रोमन दैवतकथांचा हा कोश तीस वर्षे चालला होता. एके काळी इथे चौदा माणसे काम करत. आता दोन उरली होती, बाई आणि तपासनीस.

"त्या कार्डांचा खण खाली तळघरात आहे," तो म्हणाला.

"खाली आहे, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून तर इतके दिवस बोलले नाही." बाईंनी मुद्रितावरून नजर काढली नाही. "पण शुक्रवारी सगळं छापखान्यात जायचंय. हा कोश निघायच्या आत मीच निघेन, असं वाटायला लागलंय. जाता का? की मी जाऊ, हे गुडघे घेऊन?"

"जातो."

तो उठला. जाताना समोरच्या टेबलाकडे त्याने पाहिले नाही. नऊ महिने तो असाच उठत होता.

त्या टेबलावर एक जाड ग्रंथ उघडा पालथा पडला होता आणि त्यातून एक कार्ड डोकावत होते. कार्डावर हिरव्या शाईत एकच शब्द होता: 'आलेच'. त्याच्या बायकोची ती सवय होती. पाणी प्यायला जरी उठली, तरी खुणेला तेच कार्ड घालून जायची. बाई म्हणायच्या, एवढा इमानदार शब्द या कार्यालयात दुसरा नाही. लिहिला की माणूस येतोच.

इथली कामाची रीत सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यामुळेच झाले. एक विधान, एक कार्ड. वर नोंदीचे नाव, मध्ये विधान, खाली 'आधार १' आणि 'आधार २'. दोन वेगळ्या ग्रंथांत सापडल्याशिवाय कोणतीही गोष्ट कोशात जात नसे, मग ती कितीही गोड असो. आणि सापडली, असे कार्ड लिहिणाऱ्याने म्हणून भागत नसे. तपासनिसाने स्वतः ग्रंथ उघडायचा, ओळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची आणि उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने 'पाहिले' असे लिहून तारीख घालायची. सव्वीस वर्षांत त्याने न पाहता एकदाही 'पाहिले' लिहिले नव्हते.

"यांना भूक लागली, तरी दोन आधार लागतात," बायको सगळ्यांसमोर म्हणायची. कार्डे ती लिहायची, तपासायचा तो. बावीस वर्षे समोरासमोर बसून. कधी काळी चुकून आलेल्या हिरव्या शाईच्या बाटल्या कुणी घेईना, त्या तिने घेतल्या आणि जन्मभर पुरवल्या. तोंडात सदा खोकल्याची गोळी. डावा पाय लहानपणी मुरगळलेला, त्यामुळे चालताना एक चप्पल वाजायची आणि दुसरी घासत यायची. चट… सर्र. चट… सर्र.

नऊ महिन्यांपूर्वी अशाच एका दुपारी ती 'आलेच' ठेवून तळघरात ग्रंथ आणायला गेली. थोड्या वेळाने जिन्यातून हाक आली, "अहो…"

तो एक कठीण उतारा तपासत होता. "थांब गं, एवढी ओळ संपवतो," तो म्हणाला. त्याने ओळ संपवली. मग गेला.

खालून सहाव्या पायरीवर ती भिंतीला टेकून बसली होती, दम खायला बसावी तशी. डॉक्टर म्हणाले, लगेच गेला असतात, तरी उपयोग नव्हता. पण हे त्याला एकाच माणसाने सांगितले होते.

*

तळघराच्या जिन्याला चौदा पायऱ्या. दिवा फक्त खाली, तोही पिवळा. वर दारातून बोळातल्या खिडकीचा उजेड येई, तो वरच्या एकदोन पायऱ्यांवर थांबे. मधली वाट पायांना पाठ होती. भिंतींना ओल आली होती आणि जुन्या कागदांचा गोडसर वास तिथे कायम मुक्कामाला असे.

त्याने खण काढला आणि दिव्याखालच्या टेबलावर ठेवला. 'परतलेले' म्हणजे मृतांच्या देशात जाऊन जिवंत वर आलेले. नोंद तिचीच होती. नवऱ्याऐवजी मेलेली राणी, जिला एका बलदंड पाहुण्याने मृत्यूशी कुस्ती करून सोडवून आणले. घरी जायची वाट विचारायला खाली उतरलेला खलाशी. आणि सगळ्यात जास्त कार्डे त्या गायकाची, जो बायकोला आणायला गेला होता. अट एकच होती, त्याने पुढे चालायचे, तिने मागून यायचे आणि दोघे उजेडात येईपर्यंत त्याने मागे पाहायचे नाही. तो अगदी भुयाराच्या तोंडाशी येऊन वळला.

शेवटच्या कार्डावर तिने लिहिले होते: 'का वळला, यावर आधारांत एकमत नाही. एक म्हणतो प्रेमाने, एक म्हणतो भीतीने. ठरवावे.'

तेवीस कार्डे. त्याने दोनदा मोजली, तपासायच्या ग्रंथांची यादी केली आणि साडेपाचला घरी गेला.

दुसऱ्या दिवशी कार्डे चोवीस होती.

आपण चुकलो, असे त्याला आधी वाटले, आणि त्या वाटण्याने बरेही वाटले. मग त्याने ते कार्ड वाचले.

'परतलेले. एक स्त्री. याच कार्यालयात कार्डे लिहीत असे. सहाव्या पायरीपर्यंत आली आहे. आधार १: स्वतः. आधार २:'

पुढची जागा कोरी होती.

मग त्याने तेच केले, जे त्याला येत होते. जुने कार्ड काढून शेजारी ठेवले. 'ळ'ची गाठ तीच, काना जरा उजवीकडे कललेला तसाच. पण हस्ताक्षर जुळणे हा काही आधार नव्हे. हस्ताक्षर जुळवता येते. त्याने 'सहाव्या' या शब्दावरून अंगठा फिरवला. शाई पसरली.

वर जाऊन त्याने नऊ महिन्यांत पहिल्यांदा तिच्या टेबलाचा खण उघडला. शेवटची बाटली तळापर्यंत वाळलेली होती. हिरवा पापुद्रा नखाने खरवडला, तर भुकटी झाली.

"काय शोधताय?" बाईंनी विचारले.

"काही नाही. शाई."

मुद्रितावरचे बाईंचे बोट एकाच ओळीवर थांबून राहिले.

संध्याकाळी मुलीने दार उघडले. ती दातांच्या दवाखान्यात आल्यागेल्याला बसवायचे आणि नावे पुकारायचे काम करी. त्यामुळे घरीही तिचे बोलणे तसेच असे. "या, बसा. पुढचा नंबर तुमचाच. चहा टाकलाय." कप पुढे करताना ती थांबली. "बाबा, अंगठ्याला काय लागलंय?"

"शाई."

"हिरवी?" तिने त्याचा हात उजेडाकडे वळवला. "आईची तर संपली होती ना?"

"जुन्या कार्डाची असेल."

"जुनी शाई लागते होय हाताला?" ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न पाहता आत गेली. आतून भांडी जरा जास्तच वाजली.

*

गुरुवारी कार्डे पंचवीस झाली होती. नवे कार्ड छोटे होते.

'अट तीच. खण घेऊन वर चालावे. मागे पाहू नये. दोघे उजेडात येईपर्यंत. उद्या खण इथे नसेल.'

ते खरेच होते. शुक्रवारी खण छापखान्यात जाणार होता आणि नंतर सगळे तळघर रिकामे करून द्यायचे होते. आज नाही तर कधीच नाही, हे त्याला वेगळे सांगायला नको होते. त्याने दोन्ही नवी कार्डे खिशात ठेवली. बाकीच्या सगळ्या कार्डांवर 'पाहिले' लिहून झाले होते. फक्त ते एक, 'ठरवावे', तसेच होते.

चार वाजायला आले होते. त्याने खण दोन्ही हातांत उचलून छातीशी धरला आणि जिना चढायला लागला.

एक. दोन. तीन. लाकडाचा खण जड होता. चार. पाच. सहाव्या पायरीवर क्षणभर पाय रेंगाळला. तिथे थंड होते. तो सातवीवर गेला.

मागे, सहावीवर, चट वाजले.

मग सर्र.

खोकल्याच्या गोळीचा वास आला, इतका ओळखीचा, की त्याच्या डोळ्यांत पाणीच आले. भीती नंतर आली.

"अहो…"

"हं."

"थांबू नका. चला."

आठवी. चट… सर्र. ती दोन पायऱ्या मागे होती. पूर्वी बाजारातून येताना असायची, तेवढीच.

"बरी आहेस ना?" त्याने विचारले. आपला आवाज त्याला ऐकू येईना.

"गार आहे… पण बरी आहे."

नववी. दहावी. नऊ महिने घशाशी अडकलेले वाक्य होते, ते आता बाहेर येण्यावाचून गत्यंतर नव्हते.

"त्या दिवशी… मी लगेच आलो नाही."

मागे काही क्षण फक्त पाय घासत राहिला.

"ओळ संपली ना पण?" ती म्हणाली. त्यात राग नव्हता. घरात ती जशी टोमणा मारी, तसाच तो होता, आणि त्या टोमण्याने तो जितका सुखावला, तितका आयुष्यात कशाने सुखावला नव्हता.

अकरावी. वर बोळातल्या खिडकीचा उजेड दिसत होता. राखाडी, साधा, ऑफिसच्या दुपारचा उजेड. आणखी तीन पायऱ्या. मग ती टेबलाशी बसेल, ग्रंथातले कार्ड काढेल. बाई चष्मा कपाळावर चढवतील. मुलगी दार उघडेल. हे सगळे त्याला दिसले आणि दिसल्याबरोबर त्याच्यातला तपासनीस जागा झाला.

चट… सर्र… थप्.

त्याने पाऊल उचलले. बारावी. चट… सर्र… थप्.

तिसरा आवाज आधीपासून होता का, हे त्याला आठवेना. जड, सावकाश, तिच्याही मागे. ती थांबली की तो थांबे, पण जरा उशिरा.

"तुझ्यामागे कोणी आहे का गं?"

उत्तर आले नाही.

"ऐकतेस ना?"

"…चला ना."

तिचाच आवाज. पण आवाजाचे काय? आवाज हा एकच आधार. वास त्याच्याच नाकातला, नऊ महिने उशीला येणारा. 'अहो' तर कुणीही म्हणेल. बोळातून, बाजारातून, अंधारातून कुणीही. सव्वीस वर्षे त्याने लोकांना हेच शिकवले होते, की ज्याची फार वाट पाहिली, ते सापडले की आधी त्याच्यावरच शंका घ्यावी. आपण वर काय नेतो आहोत? घरी एकटी मुलगी आहे. न पाहता कसे न्यायचे?

तेराव्या पायरीवर उजेड त्याच्या बुटांवर पडला. एकच पायरी.

तो वळला.

तीच होती. शेवटच्या दिवशीची साडी, हाताच्या बोटाला हिरवा डाग. उजेडाची कड तिच्या कपाळापर्यंत आली होती आणि बाकीचा चेहरा अजून अंधारात होता. ती दचकली नाही. चूक नसलेल्या कार्डावर त्याने कधी उगाच खूण केली, तर ती जशी बघायची, तशी तिने त्याच्याकडे पाहिले.

"झाली खात्री?" ती म्हणाली.

मग तिथे नुसता जिना होता.

खण हातातून सुटला. कार्डे पायऱ्यांवरून खाली जात राहिली. बराच वेळ जात राहिली, चौदा पायऱ्यांना लागतो, त्यापेक्षा कितीतरी जास्त.

*

"तपासनीस, पडलात की काय?" बाई दारात उभ्या होत्या, भिंतीला धरून.

"नाही."

"मग असे का बसलात?"

तो तेराव्या पायरीवर बसला होता. खिशातले पहिले कार्ड त्याने गुडघ्यावर ठेवले. 'एक स्त्री. याच कार्यालयात कार्डे लिहीत असे.' पेन्सिल काढून उजव्या कोपऱ्यात त्याने लिहिले: पाहिले. खाली तारीख घातली.

बाईंनी ते कार्ड वरून वाचले की नाही, कोण जाणे. त्या त्याच्या शेजारी, दुखऱ्या गुडघ्यांसकट, खाली बसल्या. नंतर दोघांनी कार्डे गोळा केली. तेवीसच्या तेवीस मिळाली.

वर आल्यावर बाई म्हणाल्या, "तेवढं एक ठरवायचं राहिलंय. तो का वळला?"

"त्याच्याकडे एकच आधार होता."

"हे कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही."

"मग जाणार नाही," बाई हळूच म्हणाल्या. "एकमत नाही, एवढंच टाकू."

त्याने मान हलवली. मग तो समोरच्या टेबलापाशी गेला. तो पालथा ग्रंथ उचलायचा आणि मिटून ठेवायचा, एवढेच आता बाकी होते. त्याने खुणेचे कार्ड बाहेर काढले. कार्ड तेच होते, कोपरा दुमडलेले. पण 'आलेच' हा शब्द त्यावर नव्हता. हिरवी शाई ओली होती, अक्षर तिचेच, पण घाईचे. ओळी वाकड्या झालेल्या, तिच्या कधी होत नसत तशा.

'परतलेले. माझ्यामागे एक जण होता. तुम्ही वळलात तेव्हा मी खाली गेले. तो गेला नाही. त्याला अट नव्हती. आधार १: स्वतः. आधार २:'

"काय आहे?" बाईंनी विचारले.

"जुनं कार्ड."

त्याने ते खिशात ठेवले आणि ग्रंथ मिटला. बाहेर पडेपर्यंत पाच वाजले होते, रस्त्यावर अजून उजेड होता, माणसे होती. सगळ्यांची पावले वाजत होती. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत त्याला काही वेगळे वाटले नाही. पुढची गल्ली मोकळी होती. तिथे फक्त त्याचीच पावले वाजायला हवी होती.

थप्.

तो थांबला. जरा उशिराने तेही थांबले.

आता वळायला काय हरकत होती? अट संपली होती. जिच्यासाठी होती, ती गेली होती. पण त्याची मान वळेना. आपण पाहिले की आपल्याला त्या कार्डावर 'पाहिले' लिहावे लागेल, असे काहीतरी त्याच्या मनात आले. एका आधाराची गोष्ट कोशात जात नाही. एका आधाराची गोष्ट झालीच नाही, असे म्हणता येते. समोर नजर ठेवून तो चालत राहिला, गल्ली संपेपर्यंत, घराचे दोन जिने चढेपर्यंत.

मुलीने दार उघडले. "या, या," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

तो आत आला. चपला काढायच्या जागी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दार लगेच लागले नाही. एका माणसाला आत यायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जरा जास्त वेळ मुलगी ते धरून उभी होती. मग कडी लागली.

"बसा ना," ती दवाखान्यातल्या आवाजात म्हणाली. ते त्याला म्हणाली नव्हती. त्याला ती 'बसा' म्हणताना नेहमी हसत असे.

ती स्वयंपाकघरात गेली. कप मांडल्याचा आवाज आला. एक. दोन. तीन.

तो भिंतीवरच्या एका खिळ्याकडे बघत राहिला. मागे, तिची आई जिच्यावर बसायची, ती खुर्ची हळूच करकरली.

"बाबा," मुलीने आतून, पाहुण्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारले, "हे साखर घेतात का?"